एकोणतीस नंबरचा दुभाष्या

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजाराच्या पाठीमागे, खाली साड्यांचं दुकान आणि वर नदीमापन कार्यालय अशी एक इमारत होती. तिथून नदी एकही दिसत नसे. तरी चंबळ, सिंध, क्वारी यांच्या काठांवर पाणी किती चढलं, किती उतरलं, याची खबर दर तासाला तिथं येई आणि प्रत्येक खबरेवर वेळेचा शिक्का बसे. वेळ चुकली की पूर चुकला. त्यामुळे त्या कचेरीत पाण्यापेक्षा घड्याळाचा धाक मोठा होता.

घड्याळाचं काम सूर्याजीरावांकडे होतं. घराणं शिपाईगिरीचं. त्यांचे खापरपणजोबा किल्ल्यावर दुपारची तोफ डागत. एकदा ऐन वेळी त्यांना शिंक आली, तोफ अर्धं मिनिट उशिरा उडाली, आणि तेवढा वेळ सूर्य डोक्यावर येऊन ताटकळत उभा राहिला, असं सूर्याजीराव सांगत. कुणी हसलं तर विचारत, "तुम्ही होतात का तिथं?" तिथं कुणीच नसल्यामुळे विषय तिथंच मिटे.

आता तोफ गेली होती आणि कॉम्प्युटर आले होते. कचेरीत त्यांची अकरा डोकी होती आणि अकरांची घड्याळं अकरा दिशांना पळत. त्यांना एका ताळ्यावर ठेवायचं काम एक प्रोग्राम करी, आणि त्या प्रोग्रामला खरी वेळ सांगे तो खिडकीशी ठेवलेला डबा. डबा म्हणजे अक्षरशः डबा, बिस्किटांचा, चौकोनी. त्यात जुन्या लष्करी रेडिओची आतडी भरलेली, वरून तांब्याची तार बाहेर काढून कौलावर नेलेली. दिल्लीहून रेडिओवर सेकंदांची टिकटिक येई, ती डबा पकडे आणि एक लाल दिवा मिचकावून कॉम्प्युटरला सांगे.

हा डबा श्रीपाद जोशांनी केला होता, शहाऐंशी साली. जोशी म्हणजे मूळचे दरबारी ज्योतिष्यांच्या घरातले. वाडवडील ग्रह मोजत, श्रीपाद सेकंद मोजी. सूर्याजीराव आणि तो एकाच टेबलाच्या दोन बाजूंना एकवीस वर्षं बसले. एक बोले, दुसरा डाग लावे, म्हणजे कथलाचा. चार वर्षांपूर्वी श्रीपाद गेला आणि टेबलाची ती बाजू रिकामी झाली. डबा तेवढा मिचकत राहिला.

पण नुसता डबा असून भागत नाही. जगात घड्याळं शंभर जातीची आणि प्रत्येकाची बोली वेगळी. म्हणून त्या प्रोग्रामात प्रत्येक जातीच्या घड्याळासाठी एक दुभाष्या असे. कॉम्प्युटरवाले त्याला ड्रायव्हर म्हणत, सूर्याजीराव दुभाष्याच म्हणत, कारण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला दुभाष्याचं काम शिकवावं लागत नाही. तो सकाळी दूधवाल्याशी हिंदीत भांडतो आणि त्याच दमात घरात वळून मराठीत भांडण पुढं चालवतो. श्रीपादनं आपल्या डब्याचा दुभाष्या स्वतः लिहिला, फ्लॉपीवर घालून टपालानं परदेशी धाडला, आणि तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळींनी त्याला आत जागा दिली. नंबर एकोणतीस. जगभर लाखो कॉम्प्युटरांत तो दुभाष्या जाऊन बसला होता, आणि त्या लाखोंपैकी एकाच ठिकाणी त्याला बोलायला कुणी होतं. पाटणकर बाजाराच्या मागे, साडीच्या दुकानावर.

डब्याला एक खोड होती. रोज घड्याळात बारा वाजले की तो पेंगे. दिवा मंद होई, टिकटिक रुईतून आल्यासारखी येई, आणि बारा सतराला पुन्हा टवटवीत. श्रीपादकडे याचं स्पष्टीकरण होतं. देशाचं घड्याळ मिर्झापूरच्या सूर्यावर लावलेलं. ग्वाल्हेरात सूर्य डोक्यावर यायला आणखी सतरा मिनिटं लागतात. "संस्थान विलीन झालं ना सूर्या, तेव्हा याद्या झाल्या. हत्ती, खजिना, गालिचे, पायपुसणी, सगळं लिहून दिलं. ही सतरा मिनिटं कुणाच्या यादीत आलीच नाहीत. ती अजून इथंच हिंडतात. सरकारला पत्ता नाही." आणि खरोखर, त्या सतरा मिनिटांत कचेरीत एक गुंगी उतरे. पंखा फिरतोय की खोली, हे कळेनासं होई. खालच्या दुकानातल्या साड्या घडी मोडून जिन्यानं वर येत आणि खिडकीतून किल्ल्याकडे पाहत उभ्या राहत. चहावाल्याच्या किटलीतून वाफ निघे ती वर न जाता आडवी जाई. हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत असताना दोन हजार साल उजाडलं आणि राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं. पहिल्या नोव्हेंबरपासून छत्तीसगड वेगळं. महानदी आणि शिवनाथ तिकडे जाणार, त्यांच्याबरोबर चार कॉम्प्युटर, दोन कपाटं आणि एक लघुलेखक. पुन्हा याद्या. याद्या करायला भोपाळहून दौलतसिंह साहेब आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्याजवळ एक रजिस्टर होतं आणि त्यात तीनच रकाने होते: इधर, उधर, भंगार.

साहेब डब्यासमोर उभे राहिले. "सूर्याजीराव, ये बिस्कुट किस खाते में जाएगा?"

"साहेब, वो बिस्कुट नहीं, घड़ी है."

"घड़ी तो ये है." साहेबांनी खिशातून साबणाच्या वडीएवढी काळी डबी काढली. "सैटेलाइट से टाइम लेती है. नया प्रोग्राम आ रहा है, उसमें जो मशीन चलेगी वो रहेगी. जो नहीं चलेगी, भंगार. मेरा कोई बैर नहीं है आपके डिब्बे से."

नव्या प्रोग्रामात डबा चालेल की नाही, ते दुसऱ्या दिवशी कळलं. कॉम्प्युटर विभाग सुनंदा सांभाळत असे. दर्पण कॉलनीत राहणारी, चाळिशीला आलेली, जिभेवर मराठी आणि हिंदी एकाच स्कूटरवर डबलसीट बसलेल्या. ती हातात छापील कागद घेऊन आली.

"सूर्याजीराव, लफडा झालाय. प्रोग्रामवाल्यांची नॉर्वेहून चिठ्ठी आहे. म्हणतात, जुने ड्रायव्हर खूप झाले, ज्याला कुणी वापरत नाही तो पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार. एकोणतीस नंबर यादीत आहे."

"वापरत नाही? मग मी काय रोज इथं माश्या मारतो?"

"त्यांना थोडीच पता आहे. लिहितात, कुणी वापरत असेल त्यानं नवीन प्रोग्राम लावून लागोपाठ दहा दिवस घड्याळ चालवून दाखवावं. मध्ये खंड नको. सात ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत नोंद पाठवायची."

चिठ्ठी आली ती बारा सप्टेंबरला. हातात जवळजवळ महिना. सुनंदा म्हणाली, आजच लावते. सूर्याजीराव म्हणाले, आज गणपती चाललेत, निरोपाच्या दिवशी नव्याची सुरुवात नको. लगेच पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवं काही करायचं नाही, त्यातून काम श्रीपादच्या डब्याचं, आणि श्रीपाद स्वतः त्या पंधरवड्यातला पाहुणा. ते पंधरा दिवस गेले. अठ्ठावीस तारखेला घट बसले. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? सूर्याजीरावांनी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून नवा प्रोग्राम चालू करवला. बरोबर दहा दिवसांत दसरा, तीच शेवटची तारीख. योग कसा जुळून आला म्हणून त्यांनी कचेरीत पेढे वाटले.

पेढा तोंडात असतानाच त्यांना ठसका लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला शिपायाच्या घरात तलवार, सुताराकडे रंधा, गवंड्याकडे थापी, सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर ठेवतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला काम सांगायचं नाही. नदीमापन कार्यालयात हा मान डब्याचा. श्रीपादनंच पाडलेली रीत. नवमीला डबा बंद करायचा, ब्रशनं धूळ काढायची, पूजा करायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत झोपू द्यायचा. त्या एका दिवशी नद्यांच्या नोंदी मनगटी घड्याळ बघून हातानं लिहायच्या. चौदा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. "वर्षात एक दिवस झोपतो म्हणून बाकीचे दिवस जागा असतो," श्रीपाद म्हणे.

म्हणजे नवमीला डबा झोपवला तर नोंदीत खंड. खंड पडला तर दुभाष्या गेला, दुभाष्या गेला की डबा मुका, आणि मुक्या डब्याचा रकाना ठरलेला.

सूर्याजीरावांनी ठरवलं, यंदा बंद करायचा नाही. जिवंत राहिला तर पुढच्या वर्षी दोन दिवस झोपेल.

नवमीला सकाळी अकराला इंदुताई आल्या, श्रीपादची थोरली बहीण. बहात्तर वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि माणसाकडे अजून चुकलेल्या उदाहरणाकडे पाहावं तसं पाहणाऱ्या. दरवर्षी हळदकुंकवाची कोयरी त्यांची. त्यांनी डब्याला बोट लावलं आणि तिथंच थांबल्या.

"सूर्या, दिवा मिचकतोय."

"हो, इंदुताई. यंदा जरा अडचण आहे." त्यांनी सगळं सांगितलं. मुहूर्ताची गोष्टसुद्धा.

"म्हणजे महिनाभर हातात होता आणि तू नेमके हे दहा दिवस निवडलेस?"

"मुहूर्त चांगला होता."

"मुहूर्त चांगला होता, डोकं कुठं होतं?" त्यांनी हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं, आणि वर झेंडू ठेवला. "मी काही म्हणणार नाही. डबा तुझ्या हवाली आहे. पण चालत्या डब्याची पूजा मी पहिल्यांदा केली, एवढं लक्षात ठेव." हळदीची कोयरी तिथंच टेबलावर ठेवून त्या जिना उतरून गेल्या.

बारा वाजले. डबा पेंगायला लागला आणि सूर्याजीरावही. बाहेर उन्हाचं दूध झालं होतं. खिडकीतला किल्ला आपल्या टेकडीवर कूस बदलून बसला, आणि त्याच्या बुरुजावरून तोफ खाली उतरली. म्हातारी झाली होती, चाकं कुरकुरत होती. उतारानं हळूहळू आली, शहरातल्या, एरवी कोरड्या स्वर्णरेखेच्या काठाशी थांबून पाणी प्यायली. स्वर्णरेखेला पाणी होतं, भरपूर, निळं. तिच्यावरून साड्यांची एक रांग पलीकडे चालली होती, त्यांच्या काठांचे मोर पदर सोडून पुढे उडत होते. पुलावर श्रीपाद बसला होता, बनियनवर, हातात कथलाची कांडी. समोर पाटावर सूर्य उघडून ठेवलेला आणि तो आत डाग लावत होता.

"काय रे बिघडलं?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"काही नाही. साफ करतोय. आज नवमी ना." श्रीपादनं मान वर केली नाही. "तू आज कामावर कसा?"

तोफेनं पाणी पिणं थांबवून सूर्याजीरावांकडे पाहिलं. साड्या थांबल्या. त्यांनी हात पुढे केला, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा खोलीत फार शांत होतं. डबा बंद होता. बटणावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता, आणि सूर्याजीरावांचा अंगठा हळदीनं माखलेला होता. पडद्यावर शेवटची नोंद होती, बारा वाजून सतरा मिनिटांची.

पुन्हा चालू करायला एक बोट पुरलं असतं. त्यांनी बोट उचललं, डब्यावरचा झेंडू पाहिला आणि बोट खिशात घातलं. झोपलेल्याला उठवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. मनगटी घड्याळ काढून त्यांनी समोर ठेवलं आणि चंबळेची नोंद हातानं लिहायला घेतली.

दसऱ्याला सकाळी सहाला त्यांनी डबा उठवला. दुपारी सुनंदानं नोंद पाहिली.

"सूर्याजीराव! यात अठरा तासांचा गड्ढा आहे!"

"नवमी होती."

"अहो, पण..." ती खुर्चीत बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "थांबा. मी भरून टाकते. आधीच्या दिवसाची नोंद उचलायची, तारीख बदलायची. दोन मिनिटांचं काम आहे. नॉर्वेतल्या माणसाला काय कळतंय?"

सूर्याजीराव डब्याकडे वळले. ज्याचा दिवा विझेल म्हणून महिनाभर त्यांना घास गोड लागला नव्हता, त्याला वाचवणं दोन मिनिटांवर आलं होतं.

"नको, सुनंदाबाई. शिंक मी सांगतो, साड्या मी सांगतो, ते चालतं. पण डब्यानं आजवर एक सेकंद खोटा सांगितला नाही. शेवटचा सांगायला लावू?"

"मग गेला तो."

"जाऊ दे खरा जायचा तर. आहे तशीच पाठवा. आणि मागच्या नोंदीही जोडा, शहाऐंशीपासूनच्या. खंड पडला तो बिघाडानं नाही, एवढं तरी त्यांना कळू दे. लिहा, की हे यंत्र वर्षातून एक दिवस सुट्टी घेतं."

"कुठल्या दिवशी लिहू?"

"तारीख काय सांगणार? दरवर्षी बदलते. लिहा, जोडलेल्या कागदांत बघा."

सुनंदानं लिहिलं. चौदा वर्षांच्या नोंदी फोनच्या तारेवरून परदेशी जायला चार तास लागले, तारेत मध्येच कुणाच्या तरी लग्नाची बोलणी ऐकू येत होती, आणि संध्याकाळी मुदत संपायला वीस मिनिटं असताना शेवटची ओळ गेली.

मग काही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दौलतसिंह साहेबांनी काळी डबी गच्चीवर लावली. माकडांनी ती दोनदा उपटली, तिसऱ्यांदा साहेबांनी पत्र्याचं टोपडं घातलं. महानदीची कपाटं दोरीनं बांधून जिन्यात आली. सूर्याजीराव रोज बाराला खिडकीशी बसत. पेंग येई, पण पूल काही दिसत नसे. खिडकीबाहेर नुसतं ऊन.

सत्तावीस ऑक्टोबरला सुनंदा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली. साहेब रजिस्टर उघडून बसले होते.

"उत्तर आलं! वाचू?"

"मराठीत वाचा," सूर्याजीराव म्हणाले. "आणि हळू."

"नॉर्वेवाला लिहितो, तुमचं पत्र चार वेळा वाचलं. इतर घड्याळांच्या लोकांनी दहा-दहा दिवसांच्या नोंदी पाठवल्या, बिनखंडाच्या, इतक्या स्वच्छ की मला संशय आला. पाहिलं तर त्यातल्या सात जणांनी एकाच दिवसाची नक्कल दहा वेळा केली होती." सुनंदा एकदम घुटमळली, कानाची पाळी लाल झाली. "मग तुमचे खंड पाहिले. सत्त्याण्णवात दहा ऑक्टोबर. अठ्ठ्याण्णवात तीस सप्टेंबर. नव्व्याण्णवात अठरा ऑक्टोबर. यंदा सहा. आधी वाटलं, वीज जाते. पण वीज अशी जात नाही. दहा-बारा दिवस मागं, कधी एकदम अठरा-एकोणीस पुढं. तीन रात्री आकडे मांडले. चौथ्या रात्री बाहेर अंगणात गेलो आणि वर पाहिलं. प्रत्येक खंड वाढत्या चंद्राच्या नवव्या दिवशी आहे. पंधराच्या पंधरा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पुढं लिहितो, मी तीस वर्षं घड्याळं जुळवतो. सेकंद चुकवत नाही आणि चंद्रालाही विसरत नाही, असं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. एकोणतीस नंबर राहील. त्यात एक ओळ नवी घातली आहे: या दिवशी हे घड्याळ गप्प असेल तर बिघाड समजू नये, सुट्टी समजावी. मात्र तारखा मला काढता येत नाहीत. त्या दरवर्षी तुम्ही कळवायच्या. फाइलवर सांभाळणारा म्हणून तुमचं नाव घातलं आहे, श्रीपाद जोशी यांच्या नावाखाली."

"सही है?" दौलतसिंह साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा केला. "मतलब नए प्रोग्राम में चलेगा."

"चलेगा, सर," सुनंदा म्हणाली.

साहेबांनी रजिस्टर ओढलं, डब्यापुढे 'इधर' लिहिलं, आणि मग जरा थांबून विचारलं, "सूर्याजीराव, मेरी वाली डिब्बी भी नवमी को बंद रखनी पड़ेगी क्या?"

"ती तुमची मर्जी, साहेब. पण काढून पाटावर ठेवलीत तर त्या दिवशी माकडं तरी नाही उपटणार."

संध्याकाळी सूर्याजीराव इंदुताईंकडे गेले. त्यांनी कागद चष्म्याशी नेऊन वाचला. श्रीपादच्या नावापाशी बोट थोडा वेळ थांबलं, मग खाली सरकलं.

"तारखा दरवर्षी कळवायच्या म्हणतोय. तू मार्चमध्ये रिटायर होणार ना?"

"कचेरीतून. या फाइलीतून कसं होतात ते त्यानं लिहिलेलं नाही."

"आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुहूर्त बघत बसलास तर? आत्ताच दहा वर्षांच्या पाठवून टाक." इंदुताईंनी पाटी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी असंच मोजलं असणार. बाहेर अंगणात ऊन शेवटचं पिवळं झालं होतं आणि कुंपणावरचा झेंडू हलत होता, वारा नसताना.

"लिही. दोन हजार एक, पंचवीस ऑक्टोबर. दोनला चौदा ऑक्टोबर. तीनला चार ऑक्टोबर. आता थांब हं, चारला अधिक महिना येतोय..."

सूर्याजीराव लिहीत होते. अधिक महिन्यापाशी त्यांची मान छातीवर आली, आणि पेन तसंच पुढं चालत राहिलं.